‘निश्चिंत झोपा’ लिहिणाऱ्या महाशयांस

मु. पो. जोहे, ता. पेण, जि. रायगड

मा. महोदय,



आपले नाव मला ठाऊक नाही. बेबी मॉनिटरच्या खोक्यावर निर्मात्याचे नाव आहे, आयातदाराचे आहे, बॅच नंबर आहे, सर्व करांसहित किंमत आहे. पण दर्शनी भागावर ठळक अक्षरांत ‘आता तुम्ही निश्चिंत झोपा’ असे ज्याने लिहिले, तो कवी अनामिक राहिला आहे. म्हणून हे पत्र उघडेच टाकते.

प्रथम अभिनंदन. ते वाक्य वाचेपर्यंत मी झोपत होते.

बाळंतपण झालेल्या बाईला झोप कसली, असे आपण म्हणाल. तरी दोन दुधांच्या मधली का होईना, लागत असे. बारशाला नणंदबाई खारघरहून आल्या आणि आपला खोका घेऊन आल्या. वर छताकडून खाली बघणारा कॅमेरा, मोबाइलवर ॲप, अंधारात दिसणारे हिरवट चित्र, खोलीचे तापमान, हवेतली आर्द्रता (भर पावसाळ्यात पेण तालुक्यात आर्द्रता किती, हे सांगायला यंत्र लागते हे मला नवीन होते), रडण्याचा आलेख आणि पांघरुणाच्या हालचालीवरून श्वासाचा हिशेब. नणंदेचा हेतू सोन्यासारखा. तिच्यावर माझा राग नाही. तिनेही आपलेच वाक्य वाचले होते.

पहिल्याच रात्री ॲपने कळवले: ‘हालचाल आढळली.’ मी उठले. बाळाने मूठ उघडून मिटली होती. थोड्या वेळाने: ‘हालचाल आढळली नाही.’ मी धडपडत उठले. बाळ गाढ झोपले होते, आणि गाढ झोपलेले बाळ फारसे हलत नाही. मग पहाटेकडे श्वासाचा इशारा वाजला आणि घरातली सगळी माणसे पाळण्याभोवती उभी राहिली. आजेसासूसुद्धा.

नवजात बाळ श्वास घेता घेता मध्येच पाच-दहा सेकंद थांबते, मग भराभर घेते, पुन्हा संथ होते. बालरोगतज्ज्ञांच्या लेखी ही रोजची गोष्ट. वीस सेकंद श्वास थांबला, ओठ निळसर पडले, छाती आत ओढली जाऊ लागली, तर धावायचे. हे आमच्या पेणच्या डॉक्टरांनी मला पाच मिनिटांत समजावले. आपल्या यंत्राला कुणी समजावलेले दिसत नाही, किंवा समजावले असेल तर आपण मध्ये पडला असाल. बाळ हे असेच श्वास घेते असे खोक्यावर छापले, तर खोके घेईल कोण?

आता आपल्या चित्राबद्दल. खोक्यावर एक गोरेपान बाळ पांढऱ्या खाटल्यात एकटेच झोपले आहे. खोली त्याची स्वतंत्र. भिंतीवर ढग रंगवलेले. आईबाप दुसऱ्या मजल्यावर कुठेतरी कॉफी पीत असावेत. महोदय, आमच्याकडे बाळाला स्वतंत्र खोली नसते, नवराबायकोलाही मिळाली तर मिळते. आणि गंमत बघा, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना 2022 च्या मार्गदर्शनात सांगते की निदान पहिले सहा महिने बाळाने आईबापांच्याच खोलीत झोपावे. मात्र अंथरूण वेगळे, सपाट, घट्ट, आणि बाळ पाठीवर. त्यातला पहिला भाग जोह्यातली घरे जागेअभावी आधीपासूनच पाळत आली आहेत. दुसऱ्या भागापायी सासूबाईंच्या साडीची झोळी रात्रीपुरती बंद झाली, त्याचा रुसवा अजून चालू आहे. पण तो आमच्या घरातला प्रश्न आहे, त्यात आपल्याला ओढत नाही.

एवढे वाचून आपला समज होईल की ही बाई यंत्राविरुद्ध आहे, जुन्याचे गोडवे गाणारी आहे. तसे नाही. मला बेबी मॉनिटर खरोखरच हवा होता. तो का हवा होता, हे आपल्याला कधी सुचलेच नसते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जोहे, हमरापूर, तांबडशेत, कळवे हा सगळा पट्टा गणपतीच्या कारखान्यांचा. कारखाना म्हणजे धुराडे नव्हे. घराच्या मागे, बाजूला, शेताच्या बांधापर्यंत वाढवत नेलेली पत्र्याची शेड. परदेशी जाणारा माल उन्हाळ्यातच खोक्यांत भरून बंदराच्या वाटेला लागतो, मुंबई-पुण्याकडे कच्च्या मूर्तींच्या गाड्या जातात, आणि पाऊस सुरू झाला की रंगकामाला रात्र पुरत नाही. रबरी साच्यातून मूर्ती सुटली की घासकाम. त्याची पांढरी धूळ पापण्यांवर बसते. मग प्रायमर, मग स्प्रे गनने अंगाचा रंग. कॉम्प्रेसर धडधडतो, स्प्रे फसफसतो, त्यावर ताण म्हणून कुणीतरी मोबाइलवर गाणी मोठ्याने लावतो. या धुळीत आणि रंगाच्या वाफेत बाळ आणायचे नाही, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. म्हणजे बाळ घरात, आणि मी शेडमध्ये.

मी आखणी करते. मूर्तीचे डोळे. वरची पापणी, खालची पापणी, बुबुळ, बुबुळातला पांढरा ठिपका. हात थरथरला की देव रागावलेला दिसतो किंवा झोपाळू दिसतो, आणि दोन्ही विकले जात नाहीत. रेघ ओढताना माझा श्वास थांबलेला असतो. त्या वेळी आपले यंत्र माझ्यावर रोखले असते तर सारखे बोंबलत बसले असते. अशा कामात मन घराकडे लागले की रेघ गेली. तेव्हा मला हवे होते ते एवढेच: कॉम्प्रेसरच्या आवाजातही, बाळ रडले की मला कळावे. चित्र नको, आलेख नको, आर्द्रता तर मुळीच नको.

एवढ्या साध्या कामाला आपला कॅमेरा नापास झाला. कारणही ऐका. बाळ पुढच्या खोलीत, मी मागच्या शेडमध्ये, मध्ये एक अंगण. पण त्याचे रडणे आधी वाय-फायवरून निघते, कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरला जाते आणि तिथून वळून माझ्या मोबाइलवर येते. आमचे गणपतीही परदेशी जातात, पण अंगण ओलांडायला त्यांना आम्ही तिकडून फिरवून आणत नाही. त्यात पाऊस लागला की वीज जाते, वीज गेली की राउटर जातो, राउटर गेला की ॲपवर बाळाचे शेवटचे चित्र गोठून राहते: शांत झोपलेले, निश्चिंत. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आले तेव्हा रायगडातली कित्येक गावे दिवसचे दिवस अंधारात होती. त्या अंधारात जी बाळे जन्मली, वाढली, त्यांच्यावर कान ठेवायला माणसेच होती.

खोक्यावरचे ‘टप्पा 300 मीटर’ही आपलेच ना? खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘मोकळ्या मैदानात’ असे आहे. मोकळ्या मैदानात मी बाळ ठेवणार नाही हे आपण गृहीत धरायला हवे होते. सिमेंटची भिंत, त्यापुढे लोखंडी पत्रा, अशी वाट असली की त्या तीनशेतले किती उरतात, हे शेडच्या दारात उभे राहून पाहिल्याशिवाय कळत नाही. रेडिओलहरी पत्र्यावर आपटून परततात. आणि परतल्या तर यंत्राने ते सांगितले पाहिजे. संपर्क तुटल्यावर जे यंत्र ओरडते ते घ्यावे. जे गप्प बसते त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ ‘बाळ झोपले आहे’ असाच लागतो.

आपल्या धंद्याचा इतिहास आपल्याला माहीत असेल असे वाटत नाही, म्हणून मीच कळवते. अमेरिकेत 1932 साली विमानवीर लिंडबर्ग यांचे लहान मूल पाळण्यातून पळवून नेले गेले आणि मारले गेले. सगळा देश हादरला. त्यानंतर 1937 मध्ये झेनिथ या रेडिओ कंपनीने ‘रेडिओ नर्स’ नावाचे यंत्र काढले: एक भाग पाळण्याशी, दुसरा आईबापांशी. त्याचे बेकेलाइटचे खोके घडवणारा होता इसामू नोगुची, जन्माने अर्धा जपानी, पेशाने मूर्तिकार. साच्यातून काढलेले ते मुखवट्यासारखे तपकिरी खोके आज संग्रहालयांत ठेवतात. म्हणजे जगातला पहिला नावाजलेला बेबी मॉनिटर हा आमच्याच जातकुळीचा, मूर्तिकाराच्या हातचा. त्यात म्हणे आजूबाजूची भलतीच रेडिओ-बोलणी शिरायची, आणि तो काही फारसा चालला नाही. पण भीतीचा माल खपतो, हा शोध मात्र पक्का लागला. आपण त्याच गादीचे वारस.

पुढच्या पिढीत तर पायमोजाच आला. बाळाच्या पायात घालायचा, तो नाडी आणि रक्तातला प्राणवायू मोजतो, आकडा मोबाइलवर. किंमत 300 डॉलरच्या घरात. नणंदबाईंच्या मनात तोही होता, अमेरिकेतल्या मैत्रिणीकडून मागवणार होत्या. मी थांबवले. 2018 साली फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातल्या डॉक्टरांनी अशी दोन घरगुती यंत्रे इस्पितळातल्या खऱ्या यंत्राशेजारी लावून पाहिली. एकाला प्राणवायू कमी झाल्याचे कधी कळले, कधी कळले नाही. दुसऱ्याला एकदाही कळले नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषधे आणि उपकरणे तपासणाऱ्या सरकारी संस्थेने ‘आउलेट’ या मोजेवाल्या कंपनीला पत्र धाडले की हे वैद्यकीय उपकरण आहे आणि तुम्ही परवानगीविना विकता आहात. विक्री थांबली. मग कंपनीने रीतसर अर्ज केला, नोव्हेंबर 2023 मध्ये नव्या मोज्याला परवानगी मिळाली, तीही निरोगी बाळांसाठी. झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचे काय? तो धोका कमी करण्यासाठी अशा घरगुती यंत्रांवर विसंबू नका, असे त्याच 2022 च्या मार्गदर्शनात लिहिले आहे. कमी दिवसांचे, आजारी बाळ डॉक्टरांनी यंत्र लावून घरी पाठवले असेल तर ती गोष्ट वेगळी. ते औषध आहे, आपले खोके नव्हे.

बाळाचा श्वास मोजायचे एक यंत्र महाराष्ट्रातही निघाले, आपल्या कानावर आले नसेल कारण त्याची जाहिरात नव्हती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यापुढे प्रश्न होता न्यूमोनियाचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त वेळा चालला तर धोका. त्यापुढे वर्षापर्यंत ही रेघ 50 वर. पण ज्या गावातल्या बाईला दहा-बाराच्या पुढे मोजता येत नाही, तिने साठपर्यंत जायचे कसे? त्यांनी मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी एकत्र बसवले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनिया समजून उपचार सुरू. बॅटरी नाही, वर्गणी नाही, पासवर्ड नाही. बघणारी बाई मात्र लागते, पूर्ण मिनिटभर बाळाच्या पोटाकडे बघणारी. पुढे तिथल्याच 39 गावांत शिकवून तयार केलेल्या बायका घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेऊ लागल्या, आणि जन्मल्यापासून महिन्याच्या आत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण हजारी 62 होते ते तिसऱ्या वर्षी 25 च्या आसपास आले. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आले. 2011 पासून तीच पद्धत सगळ्या देशाने घेतली.

आमच्याकडे आशाताई आली ती त्याच पद्धतीने: दवाखान्यात बाळंत झालेलीकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. थर्मामीटर, वजनकाटा, घड्याळ. काखेत ताप बघितला, बाळाला झोळीवजा काट्यात तोलले, दूध कसे ओढते ते बघितले. एकदा तिची नजर पाळण्यावरच्या आपल्या कॅमेऱ्यावर गेली. म्हणाली, “वायर एवढ्या जवळ नको हां.” 2011 मध्ये अमेरिकेत अशाच व्हिडिओ मॉनिटरच्या वायरीचा फास लागून बाळे दगावली म्हणून 17 लाखांच्या आसपास यंत्रे परत बोलावण्याची वेळ आली होती, हे तिला माहीत असायचे कारण नाही. वायर पाळण्यापासून हाताच्या टप्प्याबाहेर, निदान तीन फूट दूर ठेवायची असते. आपल्या पुस्तिकेत ते बाविसाव्या पानावर आहे. पहिल्या पानावर आपले वाक्य आहे.

आता ज्या गोष्टीबद्दल आपण एकही अक्षर खर्च केलेले नाही, तिच्याकडे येते. इंटरनेटला जोडलेला कॅमेरा मी बघते तसा इतरांनाही बघता येतो. ऑगस्ट 2013 मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये एका दोन वर्षांच्या मुलीच्या खोलीतल्या मॉनिटरमधून परका पुरुष अर्वाच्य शिव्या देऊ लागला. कॅमेरा त्याच्या ताब्यात होता, तो मुलीला नावाने हाका मारत होता. आईबाप धावले. मुलगी जागी झाली नाही, कारण तिला ऐकू येत नसे आणि कानाचे यंत्र रात्री बंद होते. त्या घरात तेवढी ती एकटीच आपल्या वाक्याप्रमाणे झोपली होती.

ह्यूस्टन लांब वाटत असेल तर राजकोट घ्या. फेब्रुवारी 2025 मध्ये तिथल्या प्रसूतिगृहात तपासणीला आलेल्या बायकांची कॅमेऱ्यातली चित्रे बाहेर विकली जात असल्याचे उघड झाले. पकडलेल्यांत लातूर आणि सांगलीकडचे तरुणही निघाले. म्हणजे विकणाऱ्यांना मराठीही येते. यानंतर मला सांगा, ज्या खोलीत मी बाळाला पाजते तिथे, छताला, चोवीस तास उघडा राहणारा, कारखान्यातून आला तोच पासवर्ड पोटाशी धरून बसलेला डोळा लावायचा, आणि त्याला निश्चिंतता म्हणायचे? एप्रिल 2025 पासून केंद्र सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी सक्तीची केली आहे. चांगले झाले. पण स्टिकरवरचा पासवर्ड बदला, हे खोक्यावर आपल्या वाक्याशेजारी लिहायला कुठल्याही सरकारने आपला हात धरला नव्हता.

काळजी आमच्या पाचवीलाच पुजलेली असते, महोदय. शब्दशः. पाचव्या रात्री पाटा मांडून सटवाईची पूजा झाली, वही-लेखणी ठेवली, बायका जागल्या. रात्री येऊन ती बाळाच्या कपाळी काय लिहून जाते ते कुणाला दिसत नाही, आणि बघायचा हट्टही कुणी धरत नाही. आपण म्हणाल, अंधश्रद्धा. असेल. पण त्या रात्रीनंतर सटवाई दर महिन्याला वर्गणी मागायला आली नाही.

सासूबाईंनी चार पोरे याच कारखान्याच्या आवाजात वाढवली. त्यांना विचारले, तुम्हाला कसे कळायचे? त्या म्हणाल्या, “रडलं की कळायचंच गं, कोणीतरी सांगत यायचं. फार वेळ रडलं नाही की जाऊन बघायचं.” यातले ‘कोणीतरी’ आता कमी झाले आहे. एक दीर उरणला कंपनीत, मोठ्या जाऊबाई पेणला नोकरीला, पोरे शाळेत, आणि सीझनला घरातला प्रत्येक हात शेडमध्ये. ती जागा यंत्राने भरायची तर भरू द्या, माझी ना नाही. मात्र यंत्राने ‘कोणीतरी सांगत येणे’ एवढेच करावे. सटवाईचे काम करू नये.

म्हणून मी काय केले ते सांगते, आपल्या विक्री विभागाला उपयोगी पडेल. जाऊबाईंच्या ओळखीतल्या एकीकडे जुना आवाजाचा मॉनिटर पडून होता. दोन डबडी. एक बाळाजवळ, एक माझ्या पदराला. इंटरनेटशी त्याचा संबंध नाही. त्यावर आवाजाबरोबर लाल दिवे चढतात, त्यामुळे कॉम्प्रेसर चालू असला तरी आखणी करता करता डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसते. टप्पा संपला की टीं टीं करतो. बॅटरीवर चालतो. आधी शेडच्या चारही कोपऱ्यांत उभी राहून पाहिले, कुठे ऐकू येते. आता माझा पाट त्या कोपऱ्यात मांडला आहे. आणि फार वेळ आवाज आला नाही की मी हात पुसून जाऊन बघते.

आपला कॅमेरा टाकून दिलेला नाही. नवा पासवर्ड घालून तो शेडमध्ये, रंग वाळत ठेवलेल्या मूर्तींच्या फळीसमोर लावला आहे, मांजरांसाठी. तिथे त्याचे उत्तम चालले आहे. रात्री ‘हालचाल आढळली नाही’ असा निरोप आला की सासरे खूश होतात.

कळावे,
जोह्याची एक आखणीवाली

ता. क. : ॲपमध्ये महिन्याची वर्गणी सुरू करायचे बटण पहिल्याच पानावर, हिरवे, अंगठ्याएवढे आहे. बंद करायचे बटण मला, नवऱ्याला आणि पेणच्या मोबाइलवाल्याला मिळून सापडलेले नाही. तेवढे कुठे ठेवले आहे ते उलट टपाली कळवावे. पुढचा हप्ता पाच तारखेला कापला जातो.